विषयाला धरून बोलण्याचे पथ्य

ईस्टरनंतरच्या आठवड्यातील ही गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील व शेजारच्या गावांतील बागकामाची आवड असणाऱ्या मंडळींचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे. एके सकाळी त्या गटात एका वयोवृद्ध भगिनीने आपल्या अंगणातील जास्वंदीचे छायाचित्र पाठवले. फांद्यांच्या शेंड्यांवर कापसासारखा पांढरा थर बसलेला, कोवळी पाने आक्रसलेली, कळ्या उमलण्याआधीच गळालेल्या. 'झाड सासूबाईंच्या हातचे आहे. काय करू?' एवढेच तिने खाली लिहिले होते. तो पिठ्या ढेकूण होता. गटातील निदान दहाबारा जणांनी तो पाहताक्षणी ओळखला असता. रोगट शेंडे छाटून नष्ट करावेत, पाण्याच्या जोरदार धारेने झाड धुवावे, निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून आठवड्याच्या अंतराने फवारावे आणि बुंध्यावर चढणाऱ्या मुंग्यांचा बंदोबस्त करावा. कारण ढेकणाच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड रसाच्या लोभाने मुंग्याच त्याची राखण करतात. चार ओळींचे हे उत्तर. ते तिला मिळाले नाही.

मिळाले नाही, कारण त्या दिवशी रात्रीपर्यंत गटात दीडशेच्या वर संदेश येऊन पडले. पुनरुत्थानाच्या शुभेच्छा, कोणत्याही बागेत कधी न उगवलेल्या गुलाबांची सुप्रभात-चित्रे, नऊ जणांना पाठवल्यास नवस फळेल अशी एक प्रार्थना, बँकेच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीचा इशारा, आणि सणाच्या दिवशी ध्वनिवर्धक किती वाजेपर्यंत लावावा यावरून दोन गावांतील तरुणांत पेटलेला वाद. या पुरात ती जास्वंद वाहून गेली. पाचव्या दिवशी त्या भगिनीने कळवले की, रोग दुसऱ्या झाडांना लागू नये म्हणून तिने झाड बुंध्यापासून तोडून टाकले. त्या संदेशाखालीही कोणी तरी हात जोडल्याचे चित्र टाकले होते.

आता आमच्या अपराधाची कबुली. त्या सकाळी विषय सोडून गेलेला पहिला संदेश आमचा होता. रविवारचे आमचे प्रवचन आम्हीच त्या गटात पाठवले होते. त्याचे कौतुक करणारे वीस-पंचवीस संदेश त्या भगिनीच्या प्रश्नावर येऊन बसले आणि पुढचा पूर त्यामागून आला. तेव्हा या लेखात आम्ही जे कठोर बोलणार आहोत, त्याचा पहिला फटका आमच्या पाठीवर पडलेला आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. एखाद्या छंदासाठी माणसे एकत्र येतात, तेव्हा त्या छंदाचा विषय ही त्यांची सामाईक ठेव असते. ती ठेव अवांतर बोलण्याने उधळणे हा केवळ शिष्टाचाराचा भंग नव्हे, तो शेजाऱ्यावर केलेला अन्याय आहे. आणि आम्ही कॅथॉलिक मंडळी या अन्यायातून स्वतःला सूट देत आलो आहोत, कारण आमचे अवांतर बोलणे बहुधा भक्तीच्या वेषात येते.

सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस यांच्या पद्धतीने वाद कसा करावा हे आम्हाला शिकवले गेले. एका वेळी एकच प्रश्न घ्यायचा. प्रतिपक्षाचे आक्षेप आधी मांडायचे, तेही दुबळे करून नव्हे, त्यांच्या पूर्ण बळानिशी. मग आपले मत सांगायचे आणि शेवटी एकेका आक्षेपाला उत्तर द्यायचे. ही शिस्त त्या काळी आम्हाला रुक्ष वाटे. आज वाटते, सातशे वर्षांपूर्वीच्या त्या महापंडिताला आमच्या हातातील हा दूरध्वनी पाहायला मिळाला असता, तर या शिस्तीवर त्याने अधिकच भर दिला असता. आम्हीही त्याच वाटेने जाऊ.

पहिला आक्षेप असा : 'नको असेल त्याने वाचू नये. बोटाने वर सरकवले की झाले. त्यात कोणाचे काय बिघडते?' हा आक्षेप तरुणांचा आहे व वरवर पाहता बिनतोड आहे. परंतु तो वाचणाऱ्याचा विचार करतो, विचारणाऱ्याचा करीत नाही. दीडशे संदेश वर सरकवणाऱ्याला त्यांतील एक प्रश्न दिसत नाही. नुकसान होते ते प्रश्न विचारणाऱ्याचे, आणि ते त्याच्या नकळत होते. आपल्याला उत्तर का मिळाले नाही, हे त्याला कधीच कळत नाही. आपला प्रश्नच मूर्खपणाचा असावा, असे समजून तो पुन्हा विचारीत नाही. हळूहळू जाणकारही गटाकडे पाहणे सोडतात. राहतात ते केवळ शुभेच्छा देणारे व घेणारे. गट नावाला जिवंत असतो, बाग मात्र केव्हाच सुकलेली असते.

हौशी रेडिओचालकांना ही गोष्ट आपल्यापेक्षा फार आधी उमगली. एकाच कंपनसंख्येवर दोघे एकदम बोलू लागले की दोघांचेही शब्द एकमेकांत मिसळून नष्ट होतात. म्हणून त्यांच्या सामुदायिक संभाषणात एक केंद्र नियंत्रक असते. ते पाळी देते, ज्याची पाळी नाही तो ऐकतो. आणीबाणीचा संदेश आला तर मात्र सर्वांनी आपले बोलणे थांबवून त्याला वाट द्यायची. रोजच्या या संयमाचे मोल संकटकाळी कळते. २००१ च्या भूज येथील भूकंपात, जेव्हा दूरध्वनीच्या तारा निकामी झाल्या होत्या, तेव्हा अशा हौशी चालकांनी संदेशवहनाचे मोठे काम केले. हे चालक संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांना आपले आश्रयदाते मानतात. पोलंडमधील आपल्या मठात या संताने १९३८ साली रेडिओ केंद्र सुरू केले होते. पुढे १९४१ साली आउश्वित्सच्या छळछावणीत एका कुटुंबवत्सल कैद्याच्या जागी त्यांनी स्वतः मरण पत्करले. दुसऱ्यासाठी आपली जागा सोडणे हे त्यांनी प्राणांच्या मोलाने केले. आपल्याला तर केवळ आपला संदेश आवरावयाचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो आमच्याच घरचा आहे. 'आम्ही प्रार्थना पाठवतो, पवित्र मरियेचे चित्र पाठवतो, प्रभूचे वचन पाठवतो. यात वाईट काय? देवाचे नाव घ्यायला का विषयाचे बंधन? जो हरकत घेतो त्याचीच श्रद्धा कमी.' या बोलण्यापुढे भले भले गप्प बसतात, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे धर्मगुरूचे काम आहे.

बागकामाच्या त्या गटात हिंदू शेजारी आहेत, दोन मुस्लिम रोपवाटिकाचालक आहेत. ते आपल्याकडे कलमे कशी बांधावीत, खत केव्हा द्यावे हे विचारायला आणि सांगायला आले. त्यांच्यावर रोज सकाळी आपली प्रार्थना लादणे ही सुवार्ता नव्हे. समजा, त्यांनी आपापल्या धर्माचे स्तोत्र तितक्याच नित्यनेमाने पाठवले, तर आपल्यापैकी किती जण 'देवाचेच नाव आहे' म्हणून आनंद मानतील? त्यांपैकी एक वयस्क गृहस्थ, ज्यांच्याइतका कलमांचा जाणकार या पंचक्रोशीत नाही, गेल्या वर्षी काही न बोलता गटातून निघून गेले. आम्ही त्यांना भेटून कारण विचारले. ते हसून म्हणाले, "फादर, मला वाटले तुमच्या लोकांचा खाजगी गट आहे, मी चुकून आत आलो." या एका वाक्याने आम्हाला जेवढे लाजवले, तेवढे आजवर कोणत्याही टीकेने लाजवलेले नाही. ज्या साक्षीच्या नावाखाली आपण संदेश पाठवतो, ती साक्ष आपण अशी दिली. त्यांच्या प्रश्नाला नेमके, सवडीने, प्रेमाने दिलेले उत्तर ही शंभर प्रार्थनाचित्रांपेक्षा मोठी साक्ष ठरली असती.

भक्तीला बंधन नको, पण तिला जागा असते. याचे एक उदाहरण आपल्या मुंबईच्याच इतिहासात आहे. १८८३ च्या सप्टेंबरात आठ हौशी निसर्गप्रेमींनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. भायखळ्याच्या तेव्हाच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जमावे, आपापली निरीक्षणे सांगावीत, जमवलेले नमुने एकमेकांना दाखवावेत, एवढाच त्यांचा उद्देश. त्या आठांत दोन भारतीय डॉक्टर होते. त्यांतील एक डॉ. आत्माराम पांडुरंग. आणि हे आत्माराम पांडुरंग म्हणजे १८६७ साली प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे गृहस्थ! ज्याने प्रार्थनेसाठी एक समाज उभा केला, त्यानेच पशुपक्ष्यांच्या अभ्यासासाठी दुसरी संस्था उभारण्यास हात लावला. दोन वेगळ्या कामांसाठी दोन वेगळी मंडळे हवीत, हे त्यांना कळत होते. या संस्थेचे नियतकालिक १८८६ साली सुरू झाले. हौशी माणसांनी पाठवलेल्या लहानलहान टिपणांतून त्यात आपल्या देशाच्या पशुपक्ष्यांविषयीचे केवढे ज्ञान साठले, हे सर्वश्रुत आहे. ते साठले, कारण टिपण पक्ष्याचे असेल तर ते पक्ष्याविषयीच असे.

तिसरा आक्षेप जुन्या पिढीचा : 'नियम केले की जिव्हाळा आटतो. आम्ही गावची माणसे. आम्ही एकमेकांशी मोकळे बोलतो. सभेचे कायदे शहरी लोकांना लखलाभ.' या आक्षेपाबद्दल आम्हाला आदर आहे, कारण त्यामागे माणुसकीची ओढ आहे. पण अनुभव उलट सांगतो. अमेरिकन सैन्यातील हेन्री रॉबर्ट नावाच्या एका अभियंत्याला १८६३ साली न्यू बेडफर्ड या गावी एका चर्चमधील सभेचे अध्यक्षपद भूषवण्याची पाळी आली. सभेत कमालीचा गोंधळ माजला आणि तो कसा आवरावा हे त्याला कळेना. त्या लाजेतून त्याने अभ्यास आरंभला, आणि १८७६ साली सभानियमांचे त्याचे सुप्रसिद्ध पुस्तक निघाले. एका वेळी एकच ठराव, आणि भाषण त्या ठरावाला धरून, हे त्यातील मुख्य सूत्र. आमच्या धर्मग्राम परिषदेच्या सभाही ज्या दिवशी शिस्तीत झाल्या, त्याच दिवशी मंडळी हसत घरी गेली; ज्या दिवशी 'मोकळे' बोलणे झाले, त्या दिवसाची भांडणे आम्हाला पुढे सहा महिने मिटवत बसावे लागले.

आणि पवित्र शास्त्र काय सांगते? करिंथ येथील मंडळी आपल्यासारखीच उत्साही होती. उपासनेला जमले की प्रत्येकाजवळ काही ना काही असे : कोणाकडे स्तोत्र, कोणाकडे शिकवण, कोणाकडे प्रकटीकरण. सगळे एकदम बोलत. संत पौलाने त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात यावर सविस्तर उपाय सांगितला आहे. बोलणाऱ्यांची संख्या मर्यादित असावी, त्यांनी पाळीपाळीने बोलावे, इतरांनी ऐकून पारख करावी, आणि बसलेल्यांपैकी दुसऱ्या कोणाला काही सुचले तर आधी बोलणाऱ्याने थांबावे. ध्यानात घ्या, पौल येथे निंदानालस्तीविषयी बोलत नाही. तो आत्म्याच्या दानांविषयी बोलत आहे. जे दान देवाकडून आले आहे, तेही सुव्यवस्थेने व दुसऱ्याच्या उन्नतीसाठीच वापरावे, असा त्याचा आग्रह आहे. स्तोत्रालाही पाळी लागते, तर मग सुप्रभात-चित्राला का लागू नये?

येरुशलेम येथील पहिली धर्मसभा पाहा. इ. स. ४९ च्या सुमारास भरलेल्या त्या सभेपुढे एकच प्रश्न होता : परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांवर सुंतेचे व मोशेच्या नियमशास्त्राचे ओझे घालावे काय? प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाचा पंधरावा अध्याय वाचा. आधी पुष्कळ वादविवाद झाला. मग पेत्र बोलला. मग सगळा समुदाय गप्प राहून बर्णबा व पौल यांचे ऐकत राहिला. मग याकोबाने निर्णय सुचवला आणि अंत्युखियाच्या मंडळीस एक आटोपशीर पत्र लिहिले गेले. त्या सभेत दुसरे विषय काढायला जागा नव्हती काय? रोमी सत्ता, दुष्काळ, छळ, सगळे होते. पण त्या दिवशी प्रश्न एक होता आणि तो सुटला. तो सुटला म्हणून आज आपण येथे आहोत.

चौथा आक्षेप गटचालकाविषयीचा : 'याला राजा कोणी केले? आमचा संदेश पुसणारा हा कोण?' हा आक्षेप निराधार नाही. काही गटचालक आपल्या अधिकाराचा असा वापर करतात की विचारू नका. २०१८ पासून केवळ चालकालाच बोलता येईल अशी कळ त्यांच्या हाती आली आहे, २०२२ पासून दुसऱ्याचा संदेश सर्वांसाठी पुसण्याचीही सोय आहे. जरा वाद झाला की ते सरळ सर्वांची तोंडे बंद करतात. त्याला शिस्त म्हणत नाहीत. स्मशानातही शांतता असते. काही जण कायद्याची भीती पुढे करतात. त्यांच्या माहितीसाठी सांगतो की, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली दिलेल्या निर्णयानुसार, सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला एवढ्यावरून गटचालक गुन्हेगार ठरत नाही. त्या कृत्यात त्याचा समान हेतू असावा लागतो. तेव्हा भीतीपोटी गटाला कुलूप घालण्याचे कारण नाही. पण कायद्याने सोडले म्हणजे सदसद्विवेकबुद्धीने सोडले असे होत नाही.

कारण विषयाचे कुंपण मोडले की केवळ गुलाबांची चित्रेच आत शिरत नाहीत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या दिवसांत दूरध्वनीवरून हातोहात फिरत होती. त्याच वर्षी आपल्या देशात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे ढकलता येऊ नये, अशी मर्यादा व्हॉट्सॲपवर घालण्यात आली. ती अफवा पुढे पाठवणारी बहुतेक माणसे दुष्ट नव्हती. त्यांना वाटले, लोकांना सावध करावे. आपल्यालाही प्रत्येक अवांतर संदेश पाठवताना असेच वाटते. ज्या गटात 'हा आपला विषय नाही' असे म्हणण्याची सवय आहे, त्या गटाच्या दारात अफवा अडते. ज्या गटात सर्व काही चालते, तेथे तीही चालते.

मग करावे काय? जगाला हा प्रश्न आज पडलेला नाही. १९७९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी संगणकांवरून लेखी चर्चा करण्याची एक योजना आखली. तिचे नाव यूझनेट. पक्षी, बागा, पाककृती, शिवणकाम अशा असंख्य छंदांच्या मंडळ्या पुढे तेथे जमल्या. गर्दी वाढताच गोंधळ वाढला. तेव्हा १९८६-८७ च्या सुमारास त्यांनी सर्व मंडळ्यांची फेररचना केली आणि सात मोठे विभाग पाडले. छंदांना एक स्वतंत्र विभाग दिला. आणि मौज पाहा, ज्या वादांना अंत नसतो अशा वादांसाठीही एक निराळा विभाग दिला! वाद बंद केले नाहीत, त्यांना जागा दिली. पुनःपुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे एकत्र करून ठेवली. नवख्याने काही दिवस नुसते वाचावे, मग बोलावे, असा प्रघात पाडला. दर सप्टेंबरात विद्यापीठांत नवे विद्यार्थी आले की काही आठवडे गोंधळ होई, मग ते जुन्यांकडून रीत शिकत. १९९३ पासून मात्र घरोघरी जोडणी पुरवणाऱ्या कंपन्यांमुळे नवख्यांचा ओघ असा सुरू झाला की शिकवायला जुने पुरेनात. म्हणून त्या सप्टेंबराला 'न संपणारा सप्टेंबर' असे म्हणतात. आपण सारे त्याच सप्टेंबरात राहत आहोत. दोष नवख्यांचा नव्हता. त्यांना रीत सांगणारे कमी पडले.

तेव्हा आमच्या सूचना अशा. गटाचा उद्देश दोन ओळींत लिहून तो वर्णनाच्या जागी लावावा. तोंडी समजुतीवर विसंबू नये. गप्पा, शुभेच्छा व वाद यांसाठी त्याच माणसांचा दुसरा गट काढावा, म्हणजे जिव्हाळ्याला घर मिळेल. आमच्यासारख्यांनी प्रवचने ठेवायची तर तेथे ठेवावीत. प्रश्न विचारणाऱ्याने प्रश्न पुरता विचारावा. केवळ 'केळीची पाने पिवळी पडतात' एवढे सांगून भागत नाही. जुनी पाने आधी पिवळी पडली असतील तर नत्राची उणीव असू शकते. कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या राहिल्या असतील तर लोहाची. मर रोगाचे निदान तर बुंधा कापून आतला भाग पाहिल्याशिवाय करूच नये. म्हणून कोणते पान, पाणी किती, किती दिवसांपासून, हे सांगावे आणि पानाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र द्यावे. उत्तर देणाऱ्याने त्याच प्रश्नाला जोडून उत्तर द्यावे, नवा संदेश मोकळा सोडू नये. महिनाअखेर एकाने चांगली उत्तरे एकत्र लिहून ठेवावीत. आपल्या आयाबहिणींचे बागेविषयीचे ज्ञान त्यातून पुढच्या पिढीला मिळेल. गटचालक वर्षाने बदलावा, म्हणजे राजा होण्याचा मोह कोणाला पडणार नाही.

आणि जो चुकेल त्याला कसे सांगावे? प्रभूने मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात क्रम घालून दिला आहे. आधी एकांतात, दोघांतच. न ऐकल्यास आणखी एकदोघांना सोबत घेऊन. त्यानंतरच मंडळीपुढे. आपण नेमके उलट करतो. आधी दोनशे माणसांसमोर फटकारतो, मग दोघातिघांत त्याची निंदा करतो, आणि एकांतात भेटायला कधीच जात नाही. चारचौघांत केलेली दुरुस्ती हाही एक अवांतर संदेशच असतो.

अपवाद लागतातच. सदस्याच्या घरी मृत्यू झाला तर ते कळवू नये काय? अवश्य कळवावे, एकदा. पण मग तीनशे जणांनी हात जोडल्याची चित्रे टाकू नयेत. त्या घरी जावे. पूर्वी ख्रिस्तमंदिराची घंटा मयताची म्हणून वाजली की शेतातला माणूस नांगर थांबवून उठे, कारण तो ठोका त्रिकाळच्या प्रार्थनेच्या ठोक्याहून निराळा असे आणि उगाच कधी वाजत नसे. घंटा दिवसभर वाजत राहिली असती, तर मयताची घंटा कोणी ऐकली असती?

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात आपल्या मठासाठी नियमावली लिहिली. तिच्या तिसऱ्या अध्यायात ते सांगतात की, महत्त्वाच्या कामी मठाधिपतीने सर्व बंधूंना सल्ल्यासाठी बोलवावे, कारण पुष्कळदा जे हिताचे ते देव सर्वांत धाकट्याला सुचवतो. सर्वांना बोलवायचे ते अशासाठी. पण धाकट्याचा आवाज हळू असतो. मोठ्यांनी आपले आवरल्याशिवाय तो ऐकू येत नाही. आमच्या गटातील सर्वांत हळू आवाज त्या वृद्ध भगिनीचा होता, आणि सर्वांत मोठा आमचा.

हे सर्व लिहिण्यापूर्वी आम्ही तिच्या घरी गेलो. झाड बुंध्याशी कापलेले, पण मुळे शाबूत होती आणि खोडाला दोन कोंब फुटले होते. तिला आम्ही ढेकणाविषयी व मुंग्यांविषयी ते चार ओळींचे उत्तर तोंडी दिले, फार उशिरा. ती म्हणाली, "फादर, तेव्हाच का नाही सांगितले?" आम्ही प्रवचनाचे सांगितले. ती म्हणाली, "ते मी वाचले. छान होते." आणि तिने पुन्हा जास्वंदीकडे पाहिले. बागकामाच्या त्या गटात आमचे प्रवचन यापुढे येणार नाही.